कळलावीचा कंद

दुपारी डोळा लागता लागता मला अजून कधीकधी तापलेल्या तिळाच्या तेलाचा वास येतो. घरात तेल कुणी तापवत नसतं. श्रीरामपुरात लेकीकडे राहते मी, बाहेर रिक्षा आणि भाजीवाले ओरडत असतात. तरी त्या वासाबरोबर एक सारवलेली पडवी दिसू लागते, पोट सांभाळून कुशीवर लवंडलेली एक बाई दिसते, आणि तिच्या कमरेवरून सावकाश फिरणारा सुरकुतलेला हात. तो हात ठकूमावशीचा. मग धड झोपही लागत नाही आणि धड जागही येत नाही.

पस्तीस वर्षं मी बाळंतपणं केली. त्यातलं काही लिहा, असं या अंकाच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा वाटलं होतं, लिहायला काय तोटा! जुळी, तिळी, पायाळू, गाडीत झालेली, शेताच्या बांधावर झालेली, किती सांगावीत. पण कागद पुढे घेतला की बाकीची सगळी मुलं मागे सरकतात आणि एका गावातली एकच खेप पुढे येऊन बसते. तिच्याबद्दल मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही, म्हणूनही असेल.

तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. नगरला एका मिशनच्या दवाखान्यात सुईणपणाचं शिक्षण पुरं करून मी नुकतीच बाहेर पडले होते. वय बावीस. मला तिसगावपासून चार कोसांवरच्या, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावी पाठवलं. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. एनॅमलचं घमेलं, कात्री उकळायचं पातेलं, लायसॉल, टिंक्चर आणि एरंडेलाची एक मोठी बाटली. माझं नाव एस्तर, ते गावाच्या जिभेवर काही बसेना. 'इस्तूबाई' बसलं. इस्तू म्हणजे विस्तव. तेव्हाच्या माझ्या स्वभावाला ते शोभतही होतं.

गावात माझ्या आधीपासून, म्हणजे चाळीसेक वर्षं तरी, ठकूमावशी होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहायची. काळी, किडकिडीत, पुढचे दोन दात पडलेले. तिला महिने बोटांवर मोजता यायचे नाहीत, पण बाई दारातून आत येताना कशी वळते एवढं बघून ती सांगायची, "नववा लागलाय. पोर खाली उतराया लागलंय."

आता ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नववा महिना लागला की बाईचं पोट खाली येतं, श्वास मोकळा होतो, पण कंबर धरते, पाय सुजतात, कोठा साफ होत नाही. त्या महिन्यात बाईला बाळंतपणासाठी तयार करणं हे ठकूमावशीचं खरं काम. बाळंतपणाच्या दिवशी, ती म्हणायची, "मी नुसती बसून ऱ्हाते. रान आधी नांगरलेलं असलं की पेरायाला येळ लागतो व्हय?" ती चिकण्याच्या मुळ्या ठेचून तिळाच्या तेलात मंद आचेवर तासन् तास कढवायची आणि ते तेल रोज दुपारी कमरेला, मांड्यांना, पोटाच्या खालच्या अंगाला चोळायची. पाय सुजले तर सराट्याचं उकळलेलं पाणी प्यायला द्यायची. शेवटच्या दिवसांत गरम दुधातून चमचाभर एरंडेल. आघाड्याचं मूळ कमरेला बांधायची आणि पोर बाहेर आलं की त्याच क्षणी सोडायची. मुळाने काय होतं ते मला माहीत नाही. पण पहिलटकरणीला वाटायचं की आपल्या बाजूने काहीतरी आहे, आणि ते कमी नसतं.

हे शहाणपण मला नंतर आलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की तिची नखं काळी आहेत, तेलाचं मडकं कधी घासलेलं नाही आणि माझ्या दवाखान्यात बाळंतपणाला कुणी येत नाही. गंमत अशी की आमच्याकडेही दिवस भरून गेले तर एरंडेलच देत. फरक एवढाच की आमच्या बाटलीवर इंग्रजी चिठ्ठी होती. तीही बाटली गावात फारशी कुणाला हवी नसायची. एक म्हातारा तेवढा नेमाने यायचा, एरंडेल मागायचा, आणि दोन महिन्यांनी कळलं की तो ते आपल्या म्हशीला पाजत होता. म्हैस सुखरूप व्याली, हे सांगायला मात्र तो मुद्दाम येऊन गेला.

मी गेल्यावर तीन महिन्यांनी बायकांना दवाखान्याच्या ओट्यावर बोलावलं. स्वच्छतेवर बोलायचं होतं. ठकूमावशीही आली, मांडीवर तिचं औषधांचं गाठोडं घेऊन मागे बसली. बोलता बोलता मला काय झालं कोण जाणे, मी तिच्यापाशी गेले, गाठोडं उचललं आणि सगळ्यांसमोर ओट्यावर उपडं केलं. मुळ्या, साली, सुकलेल्या शेंगा, कापडाच्या पुरचुंड्या. "हा पालापाचोळा पोटात घालता तुम्ही?" मी म्हटलं. "यापुढे जी हिच्याकडे जाईल तिने माझ्या दारात यायचं नाही."

ठकूमावशी पुढे सरकली आणि एकेक मूळ वेचू लागली. मी घाई केली तर म्हणाली, "येचू दे गं बाई. कुनाचा पाय पडंल."

तिला आपला अपमान झाल्याचं वाटत होतं की खरंच कुणाच्या पायाची काळजी होती, हे तेव्हा मला समजलं नाही. माझ्या आईने पुढे एकदा सहज सांगितलं की तिची आजी, म्हणजे माझी पणजी, कोपरगावकडे असंच गाठोडं घेऊन घरोघर फिरायची. ते ऐकून मी बराच वेळ अंगणात जाऊन उभी राहिले होते.

तापाला, जखमेला औषध माझ्याकडेच मिळायचं, म्हणून त्या दिवसापासून बायका ठकूमावशीकडे जायच्या थांबल्या. मी जिंकले असं मला वाटलं.

चंद्राबाई या गावातल्या शेतकरी घरच्या. आडव्या बांध्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची सून हौसा पहिलटकरीण होती, सतरा-अठराची असेल. हसताना तोंडावर पदर धरायची आणि पदराआडून अजून हसायची. पावसाळा संपत आला होता, बाजरी कणसात होती. हौसाचे दिवस भरले आणि वर आठ-दहा दिवस गेले. चंद्राबाई माझ्याकडे आल्या.

"बाई, काय तरी द्या. पोरगी हैरान हाय. आमच्या थोरल्या जावंचं असंच दिस वर गेलं, पोर पोटातच गेलं हुतं."

मी हौसाला आदल्या दिवशीच तपासलं होतं. बाळाचे ठोके चांगले होते. हे मी त्यांना नीट समजावून सांगायला हवं होतं. त्यांच्या जावेबद्दल चार शब्द विचारायला हवे होते. मी एरंडेलसुद्धा दिलं नाही. बाटलीत थोडंच उरलं होतं, लढाईमुळे नवीन येत नव्हतं. मी म्हटलं, "वेळ झाली की होईल. उगीच घाई करू नका."

त्या दारात घुटमळल्या. "ठकूबाईला इचारू का? नुसतं इचारते."

"विचारा की," मी म्हटलं. "मग बाळंतपणही तिच्याकडूनच करून घ्या. मला बोलावू नका."

त्या गेल्या. एवढंच. पाच वाक्यं. पण माझ्या सगळ्या नोकरीत मी उच्चारलेली सगळ्यात जड वाक्यं ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसाचा नवरा दगडू पळत आला. "पटकी लागली वाटतं. लई ओकती हाय."

मी पिशवी उचलून गेले. हौसा पडवीत भिंतीला टेकून बसली होती. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले. उलट्या आणि जुलाब सकाळपासून थांबत नव्हते. घसा जळतो म्हणत होती. गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ नव्हती. तिने शिळंपाकं काही खाल्लं नव्हतं. आणि या सगळ्यात तिला कळाही सुरू झाल्या होत्या. मी नाडी धरून बसले आणि माझ्या डोक्यात काहीच येईना. वहीतली पानं मनात उलटली, हे कुठेच नव्हतं.

तेवढ्यात दारात ठकूमावशी दिसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती माझ्याकडे न बघता सरळ मागच्या अंगणात गेली आणि हातात काहीतरी घेऊन आली. कंदाचा एक तुकडा होता, बोटभर जाड, कोपरात वाकल्यासारखा, लहान नांगराच्या फाळासारखा.

"सहानीपाशी सापडलं," ती म्हणाली. "चंद्रे, किती पाजलंस?"

चंद्राबाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी अंगठा बोटाच्या पेराला लावून दाखवला. "एवढंच उगाळून. दुधातून. पहाटं."

ती कळलावी होती. डोंगराच्या उतारावर पावसाळ्यात वेलासारखी चढते, पानांची टोकं वळून दुसऱ्या झाडाला धरतात, आणि फूल असं की पाचोळ्यात कुणी आग लावून गेलंय. नावातच सगळं आहे, कळा लावणारी. जुन्या सुइणी फार अडलेल्या बाईच्या तळपायाला आणि बेंबीपाशी तिचा कंद उगाळून लावत आणि पोर बाहेर येताच गरम पाण्याने धुऊन काढत. लावत, पाजत नसत. चंद्राबाईंना कुठून तरी अर्धं ऐकून माहीत होतं. उरलेलं अर्धं ज्या एका बाईला विचारायचं, तिचं दार मी बंद केलं होतं.

"पोटात?" ठकूमावशी म्हणाली. "पोटात मी जनावराला सुदीक दिली न्हाई कदी."

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, "बाई, हितं माझं काम न्हाई. इख हाय हे. तुमच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मी संगं येते, पोर वाटंत झालं तर."

दगडूने गाडी जुंपली. गाडीत बाजरीचं सरमाड, त्यावर गोधडी. तिसगावपर्यंत गाडी आणि तिथून नगरची मोटार. तेव्हा पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशावर चालायच्या, मागे भट्टी लावलेली असायची, आणि ती संध्याकाळची शेवटची गाडी निघून गेली की दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही.

तो प्रवास मला कधीच पुरा आठवत नाही आणि कधीच पुरा विसरता येत नाही. दुपारचं पिवळं ऊन होतं. दोन्ही बाजूंना बाजरी उभी होती, गाडीच्या चाकांच्या वर, आणि वाऱ्याने कणसं एकदम एका बाजूला कलायची, मग दुसऱ्या. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एकच सूर. मी हौसाचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने गुळाचं आणि मिठाचं पाणी तिच्या ओठांत सोडत होते. एक चमचा, थांबायचं, ओकली तर पुसायचं, पुन्हा एक चमचा. साखर रेशनची, म्हणून गूळ. पायांशी बसलेली ठकूमावशी तिच्या पोटऱ्या दाबत होती आणि अगदी हलक्या आवाजात बोलत होती, माझ्याशी नाही, हौसाशीही नाही, आतल्या पोराशी. "ये बापा. घाई न्हाई. पर ये. उजेड हाय बग बाहीर, लई उजेड हाय." मला वाटू लागलं की आम्ही पुढे जातच नाही आहोत, गाडी जागेवरच डोलते आहे आणि शेतंच सावकाश मागे वाहत चालली आहेत. किती वेळ असं गेलं सांगता येत नाही.

तिसगावच्या अलीकडे, एका मोठ्या चिंचेजवळ, ठकूमावशीने हात वर केला. दगडूने बैल थांबवले आणि स्वतः पाठ फिरवून लांब जाऊन उभा राहिला.

हौसाच्या अंगात ताकद उरली नव्हती. कळ आली की तिचे डोळे पांढरे व्हायचे. ठकूमावशी तिच्या पाठीमागे बसली, तिला आपल्या छातीशी टेकवून घेतलं, जणू स्वतःचं अंग तिला उसनं दिलं. मी पुढे. आम्ही दोघींनी त्या दिवसापर्यंत कधी एकत्र काम केलं नव्हतं, पण ती श्वास रोखायची आणि मला कळायचं की आता. पानांमधून उन्हाचे ठिपके आमच्या हातांवर हलत होते. आणि मग त्या ठिपक्यांत पोर आली. मुलगी. निळसर, गप्प. मी तोंडातला चिकटा बोटाने काढला, उलटी धरली, पाठ चोळली. काही नाही. पुन्हा चोळली. मग एक बारीकसा आवाज झाला, दाराच्या बिजागरीसारखा, आणि त्यानंतर ती रडली.

लांब उभा राहिलेला दगडू तिथेच खाली बसला.

मुलीला ठकूमावशीने आपल्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलं. वार पडली, रक्त फार गेलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तिसगावच्या नाक्यावर मोटार निघायच्या बेतात होती. ड्रायव्हरने पुढची पाच माणसं उठवून मागे बसवली.

नगरला हौसा अठरा दिवस होती. पहिले चार दिवस डॉक्टरही काही सांगत नव्हते. नंतर उलट्या थांबल्या, पेज पोटात राहू लागली. दहाव्या-बाराव्या दिवशी तिचे केस गळू लागले, मुठीने. त्या विषाने तसं होतं, हे मला तिथे कळलं. ती उशीवरचे केस गोळा करून मला दाखवायची आणि पहिल्यासारखं हसायला बघायची. मुलीला तोवर वॉर्डातल्या दुसऱ्या एका बाईने अंगावर पाजलं. केस पुढे परत आले.

हौसा घरी आल्यावर मिशनच्या मोठ्या बाई चौकशीला आल्या. विषबाधेचं प्रकरण, वर कळवायचं होतं. चंद्राबाईंच्या ओसरीवर चटईवर बसून त्यांनी विचारलं, "तुम्ही नर्सकडे गेला होता का? ती काय म्हणाली?"

मी बाजूला उभी होते. चंद्राबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गेल्ते की. बाई म्हनल्या, कशाला हात लावू नका, वाट बघा. म्या ऐकलं न्हाई. माजीच चूक."

मोठ्या बाईंनी तसं लिहून घेतलं. ठकूबाईबद्दल मी काय बोलले होते, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. गावात पुढे कितीतरी दिवस चंद्राबाईंना सुनेला विष पाजणारी सासू म्हणत. पाणवठ्यावर बायका त्यांना बघून बोलायच्या थांबायच्या. मी हे रोज बघत होते.

एक मात्र केलं. त्याच आठवड्यात ठकूमावशीच्या वस्तीत गेले. तिच्या दारात उभी राहून म्हटलं, "मावशी, मला शिकवा."

ती म्हणाली, "आदी नखं कापायची कात्री दे तुजी. लई दिस झालं, माझ्याकडं न्हाई." तेवढंच. ती हात साबणाने धुवायला आणि नाळेची कात्री उकळायला शिकली; मी तिच्याबरोबर डोंगरावर जाऊन चिकणा, सराटा, आघाडा ओळखायला शिकले. दुपारी माझ्याच दवाखान्याच्या पडवीत ती नववा लागलेल्या बायकांना तेल लावायची. आत मी पोट तपासायची, बाहेर ती चोळायची. बायका तेलाने सैलावून झोपून जायच्या, मधूनच कुणीतरी झोपेतच हसायची. आडवं आलेलं पोर कुणाचं आहे हे पुष्कळदा तिच्या हाताला माझ्या आधी कळायचं, आणि तीच सांगायची, "ही खेप नगरची." कळलावी मात्र तिने मला लांबूनच दाखवली. पायाला लावल्याने कळा येतात का, असं मी विचारलं. "आल्या तवा आल्या," ती म्हणाली. "न्हाई आल्या तवा कुनी मला इचाराया आलं न्हाई." यापेक्षा प्रामाणिक उत्तर मी कुठल्या डॉक्टरकडूनही ऐकलेलं नाही. मी स्वतः ती कधी वापरली नाही आणि हे वाचणाऱ्या कुणी तिच्या वाटेला जाऊ नये.

चार वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी चंद्राबाईंकडे गेले. त्या ओसरीवर बाजरी पाखडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि एवढी वर्षं गिळलेलं सगळं बोलून टाकलं. तुम्ही विचारायला आला होता, मी तुम्हाला तोडून टाकलं, ठकूमावशीचं दार मी बंद केलं, त्या दिवशी मोठ्या बाईंसमोर मी गप्प राहिले, आणि नाव मात्र तुमचं खराब झालं.

सूप चालूच होतं. मग त्यांनी ते खाली ठेवलं.

"मला ठावं हुतं की, बाई."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगून काय हुनार हुतं? तुमाला काडून टाकलं असतं. दवाखान्याला टाळं लागलं असतं. आन मग?" त्यांनी घराच्या आतल्या अंगाला मान वळवली. "पोरीची फुडची खेप हुती. गावातल्या दुसऱ्या पोरी हुत्या. माज्या नावाचं काय, म्हातारीला लोक कशानं तरी नाव ठेवत्यातच."

त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं, बाजरीवर एक हलकी फुंकर मारली आणि आत हाक दिली, "हौसा, बाईला भाकरी बांधून दे गं. लांब जायाचंय तिला."